बहात्तर घरांचं बुद्धिबळ

ज्ञानदेव सोनकांबळेनं जो खेळ काढला, त्याचा पहिला पट मी नापास केला होता. तेव्हा तो पट नव्हता, नुसता पत्रा होता. पण त्याला लाल टॅग मीच बांधला, हे नाकारून चालणार नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग दाबले जातात. २०१६ साली एका नव्या डायची, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याची, चाचणी चालू होती. दीड फुटाच्या चौकोनी पत्र्याच्या बरोब्बर मधोमध एक चौकोनी भोक पडायला हवं होतं, ते दोन मिलिमीटर सरकून पडलं. मी मापलं, टॅग लावला आणि विसरून गेलो. दुपारी भंगाराच्या ढिगाजवळ ज्ञानदेव तोच पत्रा दोन्ही हातांत धरून उभा होता आणि भोकातून पलीकडे बघत होता. मला वाटलं, माणूस थकलाय.

ज्ञानदेव म्हणजे आमच्या प्रेस शॉपमधला क्रेन ऑपरेटर. छतालगत रुळांवर फिरणारी भलीमोठी क्रेन, तिच्याखाली वायरीला लोंबणारी बटणांची पेटी, आणि ती पेटी छातीशी धरून क्रेनच्या मागोमाग चालणारा हा किडकिडीत माणूस. दहा टनांची डाय तो अशी टेकवायचा की जमिनीला कळू नये. क्रेन आली नाही की सगळी लाइन उभी राहते, त्यामुळे दिवसभर त्याच्याच नावानं हाका असायच्या. पण त्याला कोणी 'या, बसा' म्हटल्याचं मला आठवत नाही. मूळचा उदगीरकडचा. तिथल्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक गुरुजी संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवायचे, ते याच्या अंगाला चिकटलं आणि पिंपरीपर्यंत सोबत आलं. राहायला संत तुकाराम नगर. बायको जाईबाई अंगणवाडीत मदतनीस, मुलगी आम्रपाली लग्न होऊन नाशिकला.

माणसाला व्यसन नाही, भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. दुखणं एकच होतं, आणि त्याचं नाव मारुतराव चिंचवडे.

मारुतराव आमचे स्टोअरकीपर. चिंचवड गावठाणातले जुने रहिवासी. बोलणं अस्सल गावचं, पण बुद्धिबळाची पुस्तकं तोंडपाठ. कंपनीच्या बसमध्ये ज्ञानदेव आणि ते शेजारी बसायचे आणि मांडीवर चुंबकाचा छोटा पट ठेवून खेळायचे. मोशीपासून चाकणपर्यंतची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की त्या रस्त्यावर एक डाव आरामात होतो; पावसाळ्यात दोन होतात. पहिल्या दहा-बारा चाली मारुतराव पटाकडे न बघता खेळायचे, खिडकीबाहेर बघत, मधूनच कुणाला तरी हात करत. तेराव्या चालीला पटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आता बग." मग ज्ञानदेव बघायचा, आणि बघता बघता हरायचा. असं अकरा वर्षं चाललं होतं.

"ते खेळतच नाहीत, इन्स्पेक्टर," ज्ञानदेव मला म्हणायचा. "ते पाठ म्हणायलेत. मी कुणाशी हरलो ते तरी मला कळू द्या. ह्यांच्याशी हरलो का पुस्तकाशी?"

त्यातून त्याच्या डोक्यात आलं की असा पट पाहिजे, ज्याचं पुस्तकच कुणी लिहिलेलं नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात मी तो पत्रा नापास केला.

पत्रा बाहेर न्यायला गेटपास लागतो, आणि भंगाराच्या गेटपासवर सही स्टोअरकीपरची. त्यामुळे मारुतरावांना हरवण्यासाठी जो पट तयार व्हायचा होता, त्याच्या गेटपासवर 'रद्द पत्रा, एक नग' असं लिहून सही मारुतरावांनीच केली. "काय करनार रं?" एवढंच त्यांनी विचारलं. "पाट करतो जेवायला," ज्ञानदेव म्हणाला. त्याच्या आयुष्यातल्या मोजक्या थापांपैकी ही एक.

घरी त्यानं पत्र्याच्या कडा कानशीनं घासल्या आणि त्यावर नऊ बाय नऊ घरं आखली. एक्क्याऐंशी. त्यांतली मधली नऊ घरं भोकात गेली, उरली बहात्तर. नऊ घरांची ओळ म्हटल्यावर प्रत्येक बाजूला एक मोहरा जास्तीचा हवा. तो कोणता, हे त्याला सुचेना. तात्पुरतं त्यानं ते घर रिकामं ठेवलं. मोहरे नट-बोल्टचे. नट म्हणजे प्यादी, जाड बोल्ट म्हणजे हत्ती, घोड्याला एक वाकडा खिळा. सगळ्यांच्या बुडाशी बारीक चुंबक. एका बाजूला पिवळा रंग, दुसरी बाजू तशीच.

खेळून बघायला समोर कोणी तरी लागतं, म्हणून त्यानं जाईबाईंना बसवलं. त्यांना बुद्धिबळ येत नव्हतं. हेच त्याला पाहिजे होतं. कोण कसा चालतो ते त्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटाकडे बघितलं आणि मधल्या तीन प्याद्यांवर बोट ठेवलं.

"हे तिघं काय करणार?"

"एक घर पुढं जाणार."

"मग?"

"मग खड्डा आला."

"म्हणजे एक पाऊल टाकायचं आणि खड्ड्याकडं बघत जन्म काढायचा? काय पाप केलं त्यांनी?"

"कडेच्या दोघांना तिरकं मारून निसटता येतंय."

"आणि मधला?"

ज्ञानदेवनं बोटानं घरं मोजली. मधल्या प्याद्याच्या समोरही खड्डा आणि तिरकंही खड्डाच.

"खड्डा कुणी पाडला?" जाईबाईंनी विचारलं.

"मीच."

"मग त्याला पलीकडं कोण नेणार? तुमच्या कंपनीत खड्ड्यावरून जड माल नेताना काय करता?"

हे त्यांनी पीठ मळायला उठता उठता विचारलं. ज्ञानदेवनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली. पंचवीस वर्षं जो माणूस छातीशी पेटी धरून दुसरं काही करत नव्हता, त्याला ते सुचू नये!

तर रिकाम्या घरात क्रेन आली. एक लहान लोखंडी आकडा त्यानं बोल्टवर उभा बसवला. नियम असे केले: क्रेन हत्तीसारखी सरळ चालते, पण तिला खड्डा अडवत नाही, ती वरून जाते. निघताना शेजारच्या घरातला आपला एक मोहरा उचलते आणि थांबेल तिथं शेजारी उतरवते. आणि क्रेन कुणाला मारत नाही. समोरचा तिला मारू शकतो, ती मात्र फक्त उचलते आणि ठेवते.

ऐकायला हे साधं वाटतं. पण मधलं प्यादं उचलून खड्ड्यापलीकडे उतरवलं की ते वजीर व्हायला दोनच घरं उरतात. ज्या प्याद्याचा जन्म काठावर जायचा होता, त्याच्याकडे आता दोन्ही बाजूंचे राजे घाबरून बघायला लागले.

तीन महिन्यांनी ज्ञानदेव पिशवीत पट घेऊन बसमध्ये चढला. मारुतरावांनी भोकातून हात घालून पलीकडून बोटं हलवून दाखवली. बस हसली.

"ह्यो जेवायचा पाट व्हय?" ते म्हणाले. "वरण समदं खाली जाईल की!"

मग त्यांनी मांडणी बघितली. आकड्याबद्दल विचारलं, नियम ऐकले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आसं हाय तर! सोताचीच नेमनूक केली वजिराच्या वर!" बस पुन्हा हसली. मग दोन मिनिटं त्यांनी मोहरे न्याहाळले आणि ते पटावर वाकून म्हणाले, "ज्ञानदेवा, तुजे दोनी उंट एकाच रंगाच्या घरात हायेत. नऊची वळ हाय ना. उजवीकडचा उंट-घोडा अदलाबदल कर, न्हाईतर निम्मा पट उंटाला दिसनारच न्हाई."

तीन महिने डोकं घातलेल्या माणसाला जे दिसलं नव्हतं ते यांना दोन मिनिटांत दिसलं. ज्ञानदेवनं उंट-घोडा बदलला. पहिला डाव सुरू झाला, आणि भोसरी मागं पडायच्या आत तो हरला.

नंतरच्या सहा वर्षांत, माझ्या माहितीप्रमाणे, बहात्तर घरांवर ज्ञानदेव मारुतरावांशी दोनदा जिंकला. त्यातल्या एकदा मारुतरावांना ताप होता. पुस्तक नसलेल्या खेळातही हा माणूस कसा हरवतो, हे त्याला उमगेना. शेवटी त्यानं सरळ विचारलं.

"पाठ न्हाई काई," मारुतराव म्हणाले. "क्रेन उचलायच्या आधी तू एकदा वर छताकडं बगतूस. सवय हाय तुजी. मला आधीच कळतंय."

हे समजल्यावर त्यानं मान खाली घालून खेळायचा प्रयत्न केला. मग तो खाली बघायला लागला की मारुतरावांना कळायचं.

पण एक गोष्ट खरी. पुस्तकं पाठ असलेला माणूस आता खिडकीबाहेर बघत नव्हता. पहिल्या चालीपासून तो पटावर वाकलेला असायचा. बसमधली इतर मंडळीही वाकू लागली. प्रेस शॉपच्या पोरांनी खोक्याच्या पुठ्ठ्यांना मध्ये चौकोन कापून पट केले. जेवणाच्या सुट्टीत 'उचल, उचल' असा ओरडा ऐकू यायला लागला. मीही थोडा शिकलो.

तिथून खेळ एचआरपर्यंत गेला.

एचआरला तेव्हा निरंजन नावाचा नवा साहेब आला होता. वय तिशीच्या आत, उत्साह फार. तो एक दिवस कॅन्टीनमध्ये पुठ्ठ्याच्या पटापाशी थांबला आणि ज्ञानदेवला म्हणाला, "काका, हे तुम्ही केलंय? अमेझिंग! याचं आपण कायझन करू."

कायझन म्हणजे कामगारानं सुचवलेली सुधारणा. त्याचा फॉर्म असतो, वर्षातून एकदा त्याचा सप्ताह असतो, आणि सुधारणा पसंत पडली तर प्रमाणपत्र मिळतं. फॉर्म इंग्रजीत होता. निरंजननं बोट ठेवलं तिथं ज्ञानदेवनं सही केली. त्या दिवशी तो बसमध्ये खेळला नाही, नुसता बसून राहिला. "माझी सूचना कंपनीनं घेतली, इन्स्पेक्टर," मला म्हणाला. तीस वर्षांत कंपनीनं त्याच्याकडून हात सोडून दुसरं काही घेतलं नव्हतं. त्याला झालेला आनंद खरा होता, आणि त्यावर मी आता हसणार नाही.

स्पर्धेची समिती नेमली गेली. क्वालिटीतर्फे मी होतो, पंच म्हणून मारुतराव होते. ज्ञानदेव नव्हता, कारण समितीची बैठक पहिल्या शिफ्टच्या वेळात होती आणि क्रेन सोडून येणं शक्य नव्हतं.

बैठकीत पहिला विषय नावाचा निघाला. खेळाचं नाव ठरलं 'कायझन चेस'. 'खड्डा' हा शब्द निरंजनला नकारात्मक वाटला, म्हणून त्याचा 'चॅलेंज झोन' झाला. क्रेनचं नाव 'लीडर'.

"आणि लीडर कोणाला मारत नाही?" निरंजन म्हणाला. "मग पॉवर कसली? मारू द्या त्याला."

लीडर मारू लागला. मग प्लांट हेड साहेब, जे दहा मिनिटांसाठी आले होते, त्यांनी पट हातात घेऊन विचारलं, "हा लीडर प्याद्यालाही उचलतो?"

"हो साहेब," मी म्हणालो. "मुख्य गंमत तीच आहे."

"नको," ते म्हणाले. "मेसेज चुकीचा जातो. प्याद्यानं स्वतःच्या हिमतीवर पुढं जावं. उचलून नेलेलं प्यादं वजीर झालं, तर त्यात मेरिट काय?"

मी म्हणणार होतो की साहेब, समोर खड्डा आहे, हिमतीचा प्रश्न नाही. म्हणालो नाही. मारुतरावांनीही वहीत लिहून घेतलं: लीडर प्यादं उचलणार नाही. पुढचा विषय चहाचा होता.

ज्ञानदेवला मी संध्याकाळी बसमध्ये सांगायला हवं होतं. पण मारुतराव शेजारी होते. मला वाटलं ते सांगतील. त्यांना वाटलं, छापील नियम वाटले जातील, तो वाचेल. नियमही इंग्रजीत होते.

स्पर्धेचे सोळा पट बाहेरून छापून आले. छापणाऱ्यानं भोक पाडलंच नव्हतं. मधल्या नऊ घरांवर काळा रंग छापला होता. कायझन सप्ताहाच्या शनिवारी कॅन्टीनमध्ये टेबलं मांडली. ज्ञानदेव इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सुरुवातीला त्याला व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्र दिलं. त्यावर नाव होतं 'ज्ञानेश्वर सोनकांबळे, टीम प्रेस शॉप'. तो ते वाचत वाचत खाली उतरला आणि पहिल्या फेरीला बसला. समोर लॅबमधला समाधान होता, खेळ शिकून जेमतेम दोन आठवडे झालेला.

दहाव्या चालीला ज्ञानदेवनं छताकडे बघितलं, लीडरला धरलं आणि मधलं प्यादं उचलून पलीकडे ठेवलं.

समाधाननं हात वर केला. "सर, हे चालत नाही."

मारुतराव गळ्यात पंचाचं ओळखपत्र अडकवून आले. पट बघितला आणि म्हणाले, "चाल मागं घे, ज्ञानदेवा. प्यादं उचलता येत न्हाई."

ज्ञानदेव हसला. त्याला वाटलं, हे थट्टा करतायत. "का बरं येत नाही?"

"नियम हाय."

"कुणाचा नियम?"

"खेळाचा."

"मारुतराव," ज्ञानदेव हळूच म्हणाला, "खेळ माझाय."

"व्हय. पर नियम छापल्यात." त्यांनी कागद पुढं केला आणि ओळीवर बोट ठेवलं. "ही तुला ताकीद. दुसऱ्यांदा केलंस तर डाव जाईल."

आसपासचे पट थांबले होते. ज्ञानदेवनं प्यादं उचलून परत काठावर ठेवलं. डाव पुढं चालला. पाच-सहा चालींनंतर त्याचा हात पुन्हा तिकडे गेला. मला आजही वाटतं, त्यानं मुद्दाम नाही केलं. तो हात सहा वर्षं तेच करत होता. प्यादं पलीकडे टेकलं आणि त्याच्याच लक्षात आलं. त्यानं मारुतरावांकडे बघितलं.

मारुतरावांनी एक क्षण डोळे मिटले. मग म्हणाले, "डाव समाधानचा."

स्वतः काढलेल्या खेळात नियम माहीत नाहीत म्हणून बाद झालेला माणूस मी एकच बघितला आहे. समाधान पुढच्या फेरीत हरला. बक्षीस हिशोब खात्यातल्या कुणाला तरी मिळालं.

संध्याकाळी ज्ञानदेव बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला बैठकीतलं सगळं सांगितलं, मेरिटचंही. तो ऐकत राहिला.

"साहेब म्हणाले ते बरोबरच असंल," तो म्हणाला. "फक्त एक इचारायचं होतं. खड्डा प्याद्यानं पाडला होता का?"

त्यानंतर चार महिने तो मारुतरावांशी बोलला नाही. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि तिच्यावर मारुतरावांची पिशवी असायची. मोशीच्या कोंडीत ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले, पण आता कुणाला हात करत नव्हते.

पुढचं मला जाईबाईंनी सांगितलं. एका रविवारी दुपारी मारुतराव चिंचवडहून स्कूटरवर संत तुकाराम नगरला आले. तीन मजले चढून दारात धापा टाकत उभे राहिले. ज्ञानदेवनं दार उघडलं, पण 'या' म्हणाला नाही.

"चुकलो म्हनायला न्हाई आलो," मारुतराव म्हणाले. "पंच हुतो. नियम त्योच हुता."

"मग कशाला आलाव?"

"खेळाय."

ज्ञानदेव दारातच उभा.

"बैठकीत बोलाया पायजे हुतं," मारुतराव खाली बघत म्हणाले. "साहेबापुढं तोंड न्हाई उघाडलं. ते माजं चुकलं. पंच म्हनून न्हाई चुकलो."

जाईबाई आतून म्हणाल्या, "अहो, आधी आत तर घ्या त्यांना. जिना चढून आलेत."

पट खिडकीत आडवा ठेवला होता, त्यावर पापड वाळत होते. पापड काढले, पट पुसला. दोघं पाच तास खेळले. मधली प्यादी इकडून तिकडे उडत राहिली. ज्ञानदेव सगळे डाव हरला आणि मारुतरावांना खाली स्कूटरपर्यंत सोडायला गेला.

निरंजन आठ महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेला. इंटरनेटवर त्याच्या माहितीत अजून लिहिलेलं आहे की त्यानं कामगारांसाठी एक अभिनव खेळ विकसित केला. छापील सोळा पटांवर कॅन्टीनवाले वड्यांचे ट्रे ठेवतात. मारुतराव निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाले, लवकर आटपा, बस सुटंल. आता ते रविवारचे येतात, पाऊस नसला तर.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं राजगुरुनगरच्या बाजूला दुसरा प्लांट काढला. तिथल्या नव्या मुलांना क्रेन शिकवायला ज्ञानदेवला दोन आठवडे पाठवलं. तपासणीच्या कामाला मीही होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवणाचे ट्रे घेऊन बसायला जागा शोधत होतो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर चार-पाच शिकाऊ मुलं-मुली एका पुठ्ठ्यावर वाकलेली. पुठ्ठ्याच्या मध्ये चौकोन कापलेला होता.

ज्ञानदेव ट्रेसकट तिथंच उभा राहिला.

"बसा ना काका," एक मुलगी सरकून म्हणाली. तिच्या ओळखपत्रावर दिव्या असं नाव होतं. "खेळणार? शिकवते मी. सोपंय."

आम्ही दोघं टेकलो. "हे काय आहे?" ज्ञानदेवनं विचारलं.

"कायझन चेस. जपानी गेम आहे."

मी ट्रे बाजूला सारला. मी तोंड उघडणार तोच टेबलाखालून ज्ञानदेवनं माझा गुडघा दाबला.

"जपानी?" तो म्हणाला.

"हो, फार जुना आहे म्हणे." तिनं एक कागदाचा मोहरा उचलून दाखवला. त्यावर पेनानं लांब मानेचा, लांब चोचीचा पक्षी काढला होता. "हा मेन पीस. क्रेन. क्रेन म्हणजे इंग्लिशमध्ये एक पक्षी असतो, सारसासारखा. जपानमध्ये तो शुभ मानतात. म्हणून तो कोणाला मारत नाही. फक्त चोचीत धरून पलीकडे नेऊन ठेवतो."

"प्याद्याला पण?" ज्ञानदेवनं विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

"प्याद्यालाच तर नेतो जास्त करून. नाहीतर तो मधला बिचारा काय करेल?"

छापील नियम या पोरांपर्यंत पोचलेच नव्हते. पोचलं ते नाव, आणि खालून कुणीतरी कुणाला तरी शिकवत आलेला मूळ खेळ. पक्षी वाटेत कुठं तरी बसला असावा.

ज्ञानदेव खेळायला बसला. दिव्यानं त्याला उंट कसा चालतो तेही सांगितलं. तो मान डोलावत होता. पंधरा-वीस चाली झाल्या. मला खेळ थोडाफार कळतो. ज्ञानदेवची बाजू बरी होती. त्याचे दोन हत्ती तिच्या राजाच्या अंगावर चालून गेले होते, पुढच्या चालीला मात होती. तेव्हा दिव्यानं क्रेन उचलली, शेजारचा राजा तिच्यासोबत धरला आणि दोघांना खड्ड्यावरून नेऊन पलीकडे, ज्ञानदेवच्याच घरात, उतरवलं.

"राजाला?" ज्ञानदेव म्हणाला.

"मोहराच आहे ना तोपण."

त्याचे सगळे मोहरे तिच्या बाजूला गेले होते. इकडे तिच्या राजाला हात लावायला कोणी नव्हतं. आठ वर्षं तो हा खेळ खेळत होता आणि राजाला उचलून नेता येतं हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. मारुतरावांच्याही नाही. पुढच्या सात-आठ चालींत तो हरला.

"जमेल काका हळूहळू," दिव्या म्हणाली. "पहिल्याच वेळेला कुणाला जमतं?"

"खरंय," ज्ञानदेव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या प्रमाणपत्राच्या दिवशीही बघितलं नव्हतं. हात न धुताच त्यानं फोन काढला आणि दाराशी जाऊन मारुतरावांना लावला; मीही मागोमाग गेलो. कॅन्टीनमध्ये गोंगाट होता म्हणून त्यानं स्पीकर चालू केला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"मारुतराव, राजाला उचलायचं! क्रेननं राजाला उचलायचं, खड्ड्यापल्याड!"

 पलीकडून आवाज आला, "राजाला? आसं चालतंय व्हय?"

"चालतंय. आता खेळून आलो. हरलो."

"कुनी शिकवलं?"

"एका पोरीनं. म्हणाली, जपानी खेळ हाय, लई जुना."

मारुतरावांनी विचार केला.

"मग आसंल," ते म्हणाले. "त्यांच्यात राजाला उचलत असतील. रविवारी येतो, पट काडून ठेव. पर नियम आधी लिहून काडू आपुन."

ज्ञानदेव काही बोलणार होता, पण तेवढ्यात आतून कुणी तरी क्रेनसाठी हाक मारली. त्यानं फोन खिशात टाकला आणि नळावर हात धुवायला गेला.